पूर ओसरतो, पण धंदा कोणाचा उभा राहतो?

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेने कोल्हापूर बुडवले. महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. त्याच महिन्यात 22 तारखेला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली. पूर जात बघून येत नाही, असे म्हणतात. खरे आहे. पण पूर ओसरल्यावर कोण उठतो आणि कोण कायमचा बसतो, हे भांडवल ठरवते. आणि या देशात भांडवलाला जात आहे.

ज्याच्या तीन पिढ्या व्यापारात गेल्या, त्याला मामाचे गोदाम मिळते, पाहुण्यांकडून उधारी मिळते. आपला चप्पल शिवणारा कारागीर बहुतेकदा राहत्या घरातच काम करतो. पावसाळ्यात कोल्हापुरी चपलेला गिऱ्हाईक नसते. म्हणजे मंदी त्याच दिवसांत आणि पूरही त्याच दिवसांत. घर, चामडे, अवजारे एका रात्रीत जातात. चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, पण मानांकनाने भिजलेले चामडे वाळत नाही.

काही मित्र म्हणतील, भरपाई देणे सरकारचे काम आहे. आहेच, आणि ती भांडून घेतलीच पाहिजे. पण पंचनाम्याला आलेला माणूस कागद मागतो. दुकानाची नोंद नाही, मालाची पावती नाही, तर आपले नुकसान सरकारदरबारी शून्य! साऊथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत बाबासाहेब लेखी निवेदन आणि पुरावे घेऊन गेले. हक्काची लढाईसुद्धा तयारीनेच लढावी लागते.

मग तयारी काय करायची? उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे. मालाचे फोटो, पावत्या आणि उधारीच्या वहीची पाने दर महिन्याला दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाच्या मोबाईलवर पाठवा. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही विमा पॉलिसी आहे. त्यात पुराचे नुकसान धरले जाते. कर्जासोबत बँकेने विमा काढला असेल, तर त्यात फक्त यंत्र आहे की मालही, पत्ता बरोबर आहे का, हे सही करण्याआधी वाचा. धंदा बंद राहिल्याने बुडालेली कमाई साध्या विम्यात येत नाही, तीही चौकशी करा. माल कोणाच्या माडीवर हलवायचा आणि अडलेली ऑर्डर दुसऱ्या गावातला कोणता कारागीर पूर्ण करील, हे जूनच्या आधी ठरवा.

हे एकट्याने होणार नाही. विहाराची वरची खोली पावसाळ्यात मालासाठी का उघडू नये? जयंतीच्या डीजेवर एका रात्रीत उडणाऱ्या पैशांतून वस्तीचा आपत्ती निधी का उभा राहू नये? 'संघटित व्हा' हे फक्त मोर्चासाठी सांगितलेले नाही. बुडालेले दुकान आठ दिवसांत पुन्हा उघडणे, हीसुद्धा चळवळच आहे.

जय भीम!