पिवळा इशारा आणि शेतावरील मजूर

वळवाच्या दिवसांत गांवच्या पारावर हल्लीं एक प्रश्न हटकून ऐकूं येतो, "आज रंग कोणता?" "पिवळा" असें उत्तर मिळालें कीं विचारणारा निश्चिंत होऊन कामास लागतो. ही निश्चिंती आम्हांस घातक वाटते, म्हणून चार शब्द लिहिणें प्राप्त झालें आहे.

भारतीय हवामान विभाग जिल्हावार चार रंग देतो. हिरवा म्हणजे इशारा नाहीं; पिवळा म्हणजे लक्ष ठेवा; नारिंगी म्हणजे सज्ज रहा; तांबडा म्हणजे तात्काळ हालचाल करा. परंतु रंग सबंध जिल्ह्याचा असतो, आपल्या शिवाराचा नव्हे; आणि त्याखालचा मजकूर कोणी वाचीत नाहीं. आमची सारी नोकरी महसुली कागद वाचण्यांत गेली. शिक्का पाहून मजकूर सोडणारा कसा फसतो, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. "तुरळक ठिकाणीं विजांसह वादळी पाऊस, वारा ताशीं ३० ते ४० किलोमीटर" असें पिवळ्याखालीं नेहमीं असतें. विभागाच्या परिभाषेंत 'तुरळक' म्हणजे शेंकडा २५ पर्यंत ठिकाणें. म्हणजे चार गांवांपैकीं तीन कोरडीं राहिलीं तरी इशारा खराच. आणि चौथ्या गांवीं पडणारी वीज नारिंगी दिवसाच्या विजेहून सौम्य नसते. कोरड्या गांवांतील मंडळी दुसरे दिवशीं विभागाची थट्टा करितात, तें असो.

सकाळच्या रंगावर दिवस काढूं नये. ढग जमूं लागले म्हणजे पुढील सुमारें ३ तासांपुरता वेगळा इशारा निघतो, तो पाहावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचें 'दामिनी' हें मोबाइलवरील साधन २० ते ४० किलोमीटरच्या टापूंतील विजेची सूचना देतें. मोबाइल नसला तरी कान आहेतच. चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर काम टाकून पक्क्या घरांत जावें, व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये.

आतां आमच्या मनांतील खरी गोष्ट. इशारा मालकाच्या खिशांत असतो, आणि कांदा काढणाऱ्या बाया उघड्या रानांत असतात. वीज पडून मेलेल्यांचे पंचनामे आमच्या टेबलावरून जात. "पाऊस आला म्हणून झाडाखालीं उभे असतां" हें वाक्य त्यांत इतक्या वेळां येई कीं, पुढें पुढें तें वाचण्यापूर्वींच आम्हांस ठाऊक असे. हीं माणसें झाडाखालीं कां थांबत? घरीं गेल्यास मजुरी कापली जाईल, हें एक कारण आम्हीं गांवोगांव ऐकिलें आहे. वारसांस शासनाकडून ४ लाख रुपये मिळतात. पण तो कागद तयार करणें किती जड जातें, हें आम्ही जाणतों.

सबब आमचें स्पष्ट मत असें कीं, ज्यानें इशारा वाचला त्यानेंच काम थांबविलें पाहिजे, आणि थांबलेल्या तासांची मजुरीहि दिली पाहिजे. कांदा भिजेल, असें कोणी म्हणेल. भिजेल खरा, म्हणून पिवळा रंग दिसतांच काढणी सकाळीं लवकर धरावी, ताडपत्री बांधावर आणून ठेवावी, आणि गडगडाट होतांच कोणाच्या पक्क्या घरांत जावयाचें तें मजुरांस कामाच्या आरंभींच सांगावें. चहूंबाजूंनीं उघडी पत्र्याची शेड त्यांत धरूं नये.