आंबेमोहोराचं पत्र कोण लिहिणार?

जुलै २०२२मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या बारा सदस्यांनी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांना पत्र लिहिलं. पुढाकार रिक क्रॉफर्ड आणि ट्रेसी मान यांचा. भारत तांदूळ-गव्हाला उत्पादनमूल्याच्या निम्म्याहून जास्त अनुदान देतो, मर्यादा १० टक्के आहे, तेव्हा भारताला जागतिक व्यापार संघटनेत खेचा, ही मागणी. क्रॉफर्ड आर्कान्सासचे, आणि अमेरिकेत सर्वाधिक भात तिथंच पिकतं. माणूस आपल्या मतदारांचं काम करत होता.

आता त्यांचा हिशोब बघू. आजच्या हमीभावातून वजा करायची ती १९८६-८८ची किंमत! माझा तेव्हा जन्मही नव्हता. इतका जुना आकडा प्रोग्रॅममध्ये ठोकून ठेवला, तर आमच्या कंपनीत तो कोड पहिल्याच तपासणीत परत येईल. शिवाय भारत सरकार प्रत्यक्ष खरेदी झालेलंच धान्य मोजतं. अमेरिकेने २०१८मध्ये मांडलेल्या हिशोबात देशातलं सगळंच भात धरलं होतं. भारताच्या स्वतःच्या मोजणीनुसारही २०१८-१९मध्ये ४३.६७ अब्ज डॉलरच्या तांदळावर ५ अब्जांचं साहाय्य झालं, म्हणजे मर्यादा ओलांडलीच. ते लपवायचं कारण नाही. पण साडेअकरा टक्के कुठे आणि निम्म्याहून जास्त कुठे!

या ‘सगळ्याच भातात’ भोर-वेल्ह्याचं इंद्रायणीही आलं. राज्यातली हमीभावाची भातखरेदी मुख्यतः भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत होते. आमच्या घरचं भात सरकारी काट्यावर गेलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. ते जातं व्यापाऱ्याकडे, नाहीतर पुण्यातल्या ओळखीच्या घरी. न मिळालेल्या अनुदानाचा आरोप मात्र आमच्याही नावावर.

बाहेरचे असं करतात, आणि घरचे? २० जुलै २०२३ला केंद्राने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली. एप्रिल २०२४मध्ये उत्तर प्रदेशातल्या काळानमक तांदळाच्या १,००० टन निर्यातीला वाट करून दिली. त्या अधिसूचनेत आंबेमोहोराचं नाव नव्हतं. भोर, वेल्हे, मुळशी हा एकच विधानसभा मतदारसंघ, आणि मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकनही आहे.

डिसेंबर २०२५मध्ये ट्रम्प यांनी भारतीय तांदळाच्या ‘डम्पिंग’वर आयातशुल्काची भाषा केली. त्याच बैठकीत आपल्या शेतकऱ्यांना १२ अब्ज डॉलरची मदतही जाहीर केली. यावर आपल्या लोकप्रतिनिधींनी वाणिज्य मंत्रालयाला धारेवर धरायला हवं होतं.

दोस्तांनो, आपल्याला प्रश्न विचारले जातात ते तलाक, हिजाब आणि वक्फचे. आपणही तेवढ्यांचीच उत्तरं पाठ करतो. माझे चाचा जुलैमध्ये चिखलात उभे राहून लावणी करतात, तेव्हा ते कोणत्या रकान्यात बसतात? शेतमालाच्या भावावर बोलायला आपल्याला कुणी बोलावणार नाही. न बोलावता बोलायचं.

म्हणून खासदार आणि आमदारांसाठी एक पत्र तयार केलं आहे. १९८६-८८चा आधार बदलण्यासाठी भारताने काय केलं, याचं उत्तर संसदेत मागा. पुन्हा निर्यातबंदी आलीच, तर आंबेमोहोर आणि इंद्रायणीला सवलत मागा. आणि भोर-वेल्ह्यात हमीभावाचं खरेदी केंद्र द्या. मसुदा मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहे. सह्या हव्यात, आणि त्या फक्त आपल्या मोहल्ल्यातल्या नकोत. लावणीला एकमेकांच्या शेतात जाणारी सगळी घरं त्यात हवीत.