विचारायला लाज कसली?

थोरल्या लेकीचा बारावीचा निकाल लागला तेव्हा तिच्या अब्बूंनी विचारलं, "बोल बेटा, कुठे जेवायचं?" बिर्याणी नाहीतर कबाब, असंच काहीतरी उत्तर येईल असं आम्हाला वाटलं होतं. ती म्हणाली, "थाई." कोंढव्यात नवं थाई हॉटेल उघडलंय आणि एक कुटुंबच ते चालवतं, हे तिला मैत्रिणींकडून कळलं होतं. निघताना मात्र तिने मला बाजूला घेऊन बजावलं, "अम्मी, तिथे जाऊन वेटरची उलटतपासणी घेऊ नका. सगळे बघत राहतात."

तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. गेल्या वर्षी एका मॉलमधल्या हॉटेलात मी विचारत होते, "चिकन हलाल आहे ना? यात वाइन तर नाही ना?" तो पोरगा प्रत्येक प्रश्नाला "येस मॅम" म्हणत होता. मला शंका आली. मी विचारलं, "इथे डुकराचं मांसही शिजतं का?" त्यालाही तो हसतमुखाने "येस मॅम" म्हणाला! आम्ही पाणी पिऊन उठलो. शेजारच्या टेबलावरची माणसं बघत होती आणि लेक मान खाली घालून बाहेर पडली. ते तिच्या मनात बसलं होतं.

माझ्या मनात वेगळीच काळजी होती. दोन महिन्यांनी ती शिकायला दुसऱ्या शहरात जाणार, होस्टेलवर राहणार. तिथे मैत्रिणींबरोबर जेवायला गेल्यावर तिच्या ताटात काय येतंय हे विचारायला मी नसणार. तिचं तिलाच विचारावं लागेल. आणि तिला तर विचारण्याचीच लाज वाटू लागली होती.

हॉटेल म्हणजे सहा टेबलं. मालक मूळचे श्रीवर्धनकडचे, बँकॉकच्या हॉटेलांत बरीच वर्षं स्वयंपाक केलेले. बीवी दक्षिण थायलंडमधल्या पत्तानीच्या. स्वयंपाकघर त्यांच्या हातात आणि कॉलेजात शिकणारा मुलगा ऑर्डर घेतो. थायलंड हा बौद्ध देश, पण पत्तानी, याला, नराथिवात, सतून या दक्षिणेकडच्या प्रांतांत मुसलमानांची बहुसंख्या आहे. बहुतेक शाफई मसलकाचे, म्हणजे आपल्या कोकणी मुसलमानांसारखेच. नारळाचं दूध, भात आणि मासे हेही दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे श्रीवर्धनची चूल आणि पत्तानीची चूल एकत्र नांदते यात नवल वाटलं नाही.

मेन्यू वाचताना सासूबाई खूश झाल्या. "खाओ मोक गाय" म्हणजे थाई मुसलमानांची कोंबडीची बिर्याणी. हळदीने पिवळा झालेला भात, आत दडवलेली कोंबडी, वर तळलेला कांदा आणि बाजूला पुदिना-हिरव्या मिरचीची आंबटगोड चटणी. सोबत काकडीची कोशिंबीर येते, तिचं नाव "आजात". हे ऐकताच "हा तर आपला अचार!" असं सासूबाईंनी जाहीर करून टाकलं.

आम्ही मागवली मस्सामन करी. हे नाव "मुसलमान" या शब्दावरून आलं असं मानतात. इराणच्या कुम शहरातले शेख अहमद नावाचे व्यापारी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अयुथाया या तेव्हाच्या राजधानीत आले आणि पुढे दरबारात मोठ्या पदाला पोहोचले. अशा व्यापाऱ्यांबरोबर दालचिनी, वेलदोडा, लवंग, जिरं, जायफळ यांचा वापर तिथल्या स्वयंपाकात रुळला असं सांगतात. पुढे राजा रामा दुसरे (1809 ते 1824) यांनी या करीचं कौतुक कवितेत केलं. बटाटा, शेंगदाणे, चिंच आणि नारळाचं दूध. पहिल्या घासाला वाटलं, आपला कोरमाच कोकणात जाऊन राहून आलाय.

लेकीने मागवलं होतं तुळशीसारख्या पानांत परतलेलं झणझणीत चिकन. मुलगा ऑर्डर घेऊन आत गेला. मी कबूल केल्याप्रमाणे गप्प बसले होते. दाराबाहेर हलालची पाटी होती, घरमालकीण डोक्यावर स्कार्फ बांधून सलाम करत होती. विचारायचं तरी काय?

दोन मिनिटांत त्या बाई स्वतःच बाहेर आल्या. हातात एक काळपट बाटली. मोडक्या हिंदीत विचारलं, "आप लोग हनफी?" आम्ही हो म्हणालो. तेवढ्यात मालक आले आणि त्यांनी मराठीत समजावलं, "आपा, या चिकनमध्ये आम्ही हा सॉस घालतो. कालवांचा आहे. आमच्या मसलकात कालवं चालतात, तुमच्यात चालत नाहीत. तुम्ही म्हणाल तर याच्याशिवाय करून देतो. चव थोडी कमी लागेल."

बाटलीवर थायलंडचं हलालचं चिन्ह होतं. म्हणजे त्यांनी काहीही सांगितलं नसतं तरी त्यांना कुणी खोटं म्हटलं नसतं. आम्हाला तर कळलंही नसतं. आमच्या घरात कालवं सोडाच, झिंग्यावरूनही दोन पक्ष आहेत. हनफी उलेमांमध्येच त्यावर मतभेद आहे. मुलांचे अब्बू खातात, सासूबाई हात लावत नाहीत. शाफई मसलकात समुद्रातले जवळपास सगळे जीव हलाल. दोघांकडे दलील आहे, आणि कुणी कुणाला कमी लेखायचं कारण नाही. त्या माणसाने आमचा मसलक आमच्याइतकाच जपला, एवढं मात्र खरं.

मला प्रेषितांच्या (स.) बाजारातल्या फेरीची हदीस आठवली. त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आत ओल लागली. पावसाने भिजलेलं धान्य विकणाऱ्याने खाली दडवलं होतं. गिऱ्हाइकाला दिसेल असं ते वर ठेवायला हवं होतं, हे त्याला बजावण्यात आलं. आम्ही ही हदीस दूधवाल्याला आणि किराणावाल्याला लावतो. त्या दिवशी एका हॉटेलवालीने भिजलेलं धान्य स्वतःहून वर आणून ठेवलं. तेही ती स्वतः ज्याला भिजलेलं मानत नाही ते.

लेक बाटलीकडे बघत होती. मग तिनेच विचारलं, "आंटी, मस्सामनमध्ये काय काय आहे?" बाई शेजारी बसल्या आणि बोटांवर मोजून सांगू लागल्या. मासळीचा सॉसही असतो, तो छोटे मासे मिठात मुरवून करतात, असं त्या म्हणाल्या. तो आम्हालाही चालतो. पाच जणांचं बिल दोन हजारांच्या आत आलं आणि उरलेला भात आम्ही बांधून घेतला.

भगिनींनो, मुलांना नव्या चवींपासून किती दिवस अडवणार? त्यापेक्षा विचारायला शिकवू या. गर्दीच्या वेळी ओरडून नको, ऑर्डर देण्याआधी शांतपणे. "हलाल आहे का?" एवढंच विचारलं तर उत्तर "हो" असंच येतं. म्हणून नेमकं विचारावं: मांस कुठून आणता? सॉस कोणता, बाटली दाखवाल का? वाइन किंवा चरबी घालता का? तवा आणि तेल वेगळं आहे का? उत्तर पटलं नाही तर शुक्रिया म्हणून उठावं, तमाशा करू नये. आणि कुणी खरं सांगितलं तर त्याचं कौतुक तोंडावर करावं, दुसऱ्यांनाही सांगावं.

गेल्या रविवारी सासूबाईंसाठी केक घ्यायला आम्ही दोघी बेकरीत गेलो. मी स्कूटरजवळ थांबले. काचेतून दिसत होतं, लेक काउंटरवर काहीतरी विचारत होती आणि मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. ती रिकाम्या हाताने बाहेर आली. म्हणाली, "त्यात रम घालतात म्हणाले, अम्मी. पण खरं सांगितलं त्यांनी. बिस्किटं घेऊ का?"