सहीपुरतं टाचण

2020 साली कायदा झाला. सीबीएसई असो की आयसीएसई, राज्यातल्या प्रत्येक शाळेत पहिली ते दहावी मराठी सक्तीची. टाळली तर 1 लाखापर्यंत दंड. छान. पण शिकवायची कशी, हे नव्या बाईंना कोण सांगणार?

बी.एड.ला त्या हेतुकथन, शिक्षक कृती, विद्यार्थी कृती असे रकाने भरायला शिकल्या. ते टाचण घरात मराठी ऐकणाऱ्या मुलांसाठी ठीक. खारघर-कामोठ्याच्या वर्गात समोर मल्याळी, बंगाली, भोजपुरी घरांतली पोरं बसलीत. त्यांना पहिल्याच महिन्यात कवितेचा भावार्थ? पोरं गाईडमधून उतरवतात, बाई टाचणवही भरतात, वरिष्ठ सही ठोकतात. झाला मराठीचा तास!

अहो, एका तासाला एकच गोष्ट धरा. ‘पनवेल स्टेशनला येणार का? किती होतील?’ अर्धा वर्ग रिक्षावाला, अर्धा प्रवासी, मग अदलाबदल. बाईंनी कमी बोलायचं. लिहिणं नंतर. ‘येणार का’ला ‘येतो, बसा’ हे उत्तर पोरांच्या तोंडात बसलं की काळ शिकवायला व्याख्या लागत नाही. असं टाचण अर्ध्या पानात मावतं. पण ते तपासायला वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसावं लागतं, तिथेच घोडं अडतं.

दंडाची तरतूद करणाऱ्या शासनाने दुसरी भाषा म्हणून मराठी शिकवायची अशी टाचणं शाळा उघडायच्या आधी नव्या शिक्षकांच्या हातात द्यावीत. आणि पालकांनो, पुढच्या सभेत श्रेणी बघून झाली की एवढं विचारा: महिन्याभरात आमचं पोर मराठीत काय बोलायला लागलं?