आठ दिवस आणि चार रुपये

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाजारपेठेतून फिरताना अजूनही लाल बांधणीच्या चोपड्या पाटावर मांडलेल्या दिसतात. हिशेब केव्हाच संगणकात गेला, तरी चोपडी येते. तिला हळदकुंकू वाहतात, पहिल्या पानावर ‘श्री’ काढतात. जमा आणि नावे या दोन्ही बाजू एकाच वहीत, एकमेकींच्या नजरेसमोर असाव्यात, एवढं शहाणपण त्या पूजेत नक्की आहे.

राज्याचीही अशी एक वही असते. आपण तिची पूजा करत नाही आणि ती वाचतही नाही. या दिवाळी अंकाचं काम हाती घेण्याआधी बारा वर्षं मी तीच वाचत होतो. धोरण अभ्यासक हे त्या नोकरीचं नाव. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला, की पुस्तिकांचा गठ्ठा टेबलावर यायचा. कुठल्या करातून किती येणार आणि त्यातलं गरिबाच्या वाट्याला किती जाणार, हे लेखाशीर्षांच्या जंगलातून शोधून काढायचं. घरचे विचारत, “नक्की करतोस काय?” मी म्हणायचो, “दुसऱ्याची खतावणी तपासतो.” पुढे कळलं, ती दुसऱ्याची नव्हतीच.

कळलं ते बीड जिल्ह्यात, रोजगार हमीतल्या एका पाझर तलावाच्या कामावर. भर मे महिना, दुपारची सुट्टी. बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बायका भाकरी सोडून बसल्या होत्या. मी हजेरीपट चाळत होतो. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, “साहेब, हे पैसे सरकार आणतंय कुठून वो?” बारा वर्षांत इतका नेमका प्रश्न मला एकाही परिसंवादात कुणी विचारला नाही. मी पाकिटातून माझी पगाराची पावती काढली आणि कपातीच्या रकान्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: व्यवसाय कर, २०० रुपये. “ह्यातून.” तिनं कागद हातात घेऊन उलटापालटा केला, परत दिला आणि म्हणाली, “म्हंजी तुमी देताव व्हय!” बाकीच्या हसल्या. मी मात्र ओशाळलो, कारण माझं उत्तर अर्धंच खरं होतं.

खरा असलेला अर्धा भाग आधी सांगतो. १९७० ते ७३ या वर्षांत महाराष्ट्र दुष्काळानं होरपळला. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं खडी फोडत होती, माती उपसत होती. मागेल त्याला काम द्यायचं, ही कल्पना त्याआधीच वि. स. पागे यांनी मांडली होती आणि सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात तिचा प्रयोगही झाला होता. पागे विधान परिषदेचे सभापती आणि वसंतराव नाईक मुख्यमंत्री. १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. १९७७ मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणं हा हक्क ठरला. देशाचा कायदा व्हायला २००५ उजाडलं.

पण माझ्या मते या योजनेतली सर्वांत धाडसी गोष्ट तिचा जमाखर्च होता. हमी दिली, तर पैसा कुठला, हे विधिमंडळानं आडपडदा न ठेवता सांगितलं. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला तो याच कामासाठी. जोडीला मोटारींवरचा जादा कर, विक्रीकरावरचा अधिभार, बागायती जमिनीवरची विशेष आकारणी. या सगळ्यातून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. दारिद्र्याची रेषा काढणारे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ पुण्याच्या गोखले संस्थेत बसून सांगत होते, की गरिबाला सार्वजनिक कामं द्या आणि त्याचा खर्च सुखवस्तूंनी सोसावा. महाराष्ट्रानं ते बऱ्याच अंशी करून दाखवलं. फोर्टातल्या कचेरीतला कारकून आणि बीडच्या बांधावरची मजूर एकाच वहीच्या समोरासमोरच्या पानांवर आले.

मग ही पानं सुटी झाली. निधीत पैसा जमत राहिला, पण कामांवर तेवढा खर्च होईना. शिल्लक फुगत गेली. २००५ च्या कायद्यानंतर पहिल्या १०० दिवसांची अकुशल मजुरी केंद्राकडून येऊ लागली. त्यापुढच्या दिवसांची जबाबदारी राज्यावर राहिली, पण ते काम मागायला येतं कोण? येणाऱ्याला नमुना ४ भरून द्यावा लागतो. अर्जाची पोच मिळाली, तर पंधरा दिवसांत काम किंवा बेकारी भत्ता देणं बंधनकारक होतं. म्हणून पोच देण्याचंच टाळलं जातं. “साहेब मीटिंगला गेलेत” हे वाक्य मी एका कचेरीत तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी अर्ज घेऊन आलेली माणसं ऊसतोडीला निघून गेली. अर्जच नोंदला गेला नाही, तर मागणी शून्य. आणि मागणी शून्य असली, की अहवालात गरज संपलेली असते.

कर मात्र चालू आहे. घटनेच्या अनुच्छेद २७६ नं त्याला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ती १९८८ मध्ये ठरली, अजून तीच आहे. महाराष्ट्रात महिना दहा हजारांच्या वर पगार असलेला पुरुष दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये भरतो. दहा लाख पगार घेणाराही तेवढेच भरतो. दहा हजारांच्या जेमतेम वर असलेल्याच्या कमाईचे ते जवळपास दोन टक्के, महिना दहा लाखवाल्याच्या कमाईच्या एका टक्क्याचा पन्नासावा हिस्सा. २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना माफी मिळाली, हे चांगलंच झालं. पण हा कर कशासाठी जन्माला आला, हे आज पगाराच्या पावतीवर कुठेही लिहिलेलं नसतं.

आता माझ्या उत्तराचा खोटा अर्धा भाग. “आम्ही देतो” हे मी त्या म्हातारीला भासवलं. तिच्या पदराच्या गाठीत एक साधा मोबाइल होता. आज २९९ रुपयांचं रिचार्ज मारलं, की त्यात साडेपंचेचाळीस रुपये वस्तू व सेवा कर असतो. त्यातला निम्मा राज्याचा. २०२५ च्या घटस्थापनेपासून साबणावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पण रिचार्जवरचा १८ तसाच राहिला. तेलावर कर आहे, ती ज्या टमटममधून कामावर येते तिच्या डिझेलवर आहे. आयकर भरणाऱ्यालाच आपण ‘करदाता’ म्हणतो आणि तिला ‘लाभार्थी’. माझ्या मते आपल्या सार्वजनिक भाषेतली ही सर्वांत महागडी चूक आहे. एकदा हे दोन शब्द वेगळे झाले, की तिला मिळालेली मजुरी मेहरबानी ठरते आणि आपल्याला मिळालेला उड्डाणपूल हक्क.

‘हिशेब’ हा या अंकाचा विषय त्या दुपारी सुचला होता, अंकात यायला इतकी वर्षं लागली. आतल्या पानांत ग्रामसेवक, साखर कारखान्यावरचा मुकादम, कर सल्लागार आणि रोज लोकलनं येणारी परिचारिका, अशा चौघांनी आपापली वही उघडून दाखवली आहे. कथा आणि कविताही आहेत. त्यांना विषयाची सक्ती केलेली नाही. लेखक, चित्रकार आणि जाहिरातदारांचं ऋण नेहमीप्रमाणे मोठं आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा आणि गोदावरीच्या काठची शेतं खरवडून निघाली. गाळ उपसणं, माती टाकणं, बांध पुन्हा घालणं: पन्नास वर्षांपूर्वी जी कामं दुष्काळानं काढायला लावली, तीच आता पूर काढायला लावतो आहे. तेव्हा नमुना ४ ची पोच मिळते की नाही, हा प्रश्न गावाइतकाच शहराचाही आहे.

फराळ झाल्यावर पाच मिनिटं काढा आणि आपली पगाराची पावती बघा. वर्षाला २,५०० रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. त्या दरानं आपल्या एका ओळीतून एका माणसाची आठ दिवसांची मजुरी निघते, वर चार रुपये उरतात. ते आठ दिवस कुणाला मिळाले, हे आपल्या आमदाराला एकदा विचारा. विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि त्या म्हातारीलाही तितकाच.