डोक्यावरून गेलेला चित्रपट

चित्रपट संपतो, दिवे लागतात आणि पायऱ्या उतरता उतरता प्रेक्षकांचे अभिप्राय सुरू होतात. ‘मस्त होता’, ‘पैसे फुकट गेले’, ‘मध्यंतरानंतर घसरला’, अशी ती ठरावीक वाक्ये असतात. कालप्रवासावरचा एखादा थरारपट पाहून बाहेर पडणाऱ्या गर्दीत मात्र एक निराळेच वाक्य कानी पडते : ‘डोक्यावरून गेला.’ हे वाक्य बहुधा हलक्या आवाजात उच्चारले जाते. बोलणारा आधी सोबत्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्यालाही काही कळलेले नाही असे दिसले, तर दोघे मोकळेपणाने हसतात. त्याला कळले असावे अशी शंका आली, तर पहिला गप्प बसतो. जणू चित्रपट न समजणे हे आपल्या शिक्षणातले उणेपण आहे आणि ते चारचौघांत उघडे पडता कामा नये! ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याला तर ही धास्ती अधिकच वाटते.

ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘टेनेट’ या इंग्रजी चित्रपटाच्या वाट्याला हा अभिप्राय जितका आला, तितका क्वचितच दुसऱ्या चित्रपटाच्या वाट्याला आला असेल. २०२० च्या ऑगस्टअखेर तो परदेशांत झळकला. भारतात तो ४ डिसेंबर २०२० रोजी आला, इंग्रजीबरोबरच हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांतूनही. ते करोनाचे वर्ष होते. महाराष्ट्रात नोव्हेंबरमध्ये चित्रपटगृहे उघडली होती, पण निम्म्याच आसनांवर माणसे बसवण्याची परवानगी होती. तोंडाला मास्क लावलेले प्रेक्षक एकेक खुर्ची सोडून बसले होते, आणि योगायोग असा की पडद्यावरची पात्रेही बराच वेळ तोंडावर मुखवटे चढवून वावरत होती. त्या मुखवट्यांचा प्रेक्षकांच्या तक्रारींशी जवळचा संबंध आहे, तो पुढे येईलच.

कालप्रवासाची कल्पना भारतीय प्रेक्षकाला परकी नाही. भागवतातला राजा ककुद्मी कन्येसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी जातो आणि थोडा वेळ थांबून परततो, तोवर पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून गेलेली असतात. मग रेवतीचा विवाह बलरामाशी होतो. ही कथा ऐकणाऱ्या आजीबाईंना काळाचा हा हिशेब कधी अवघड वाटला नाही. तेलुगू ‘आदित्य ३६९’ या १९९१ च्या चित्रपटात कालयंत्र माणसांना कृष्णदेवरायाच्या विजयनगरात नेऊन सोडते. २०१५ च्या ‘इंद्रु नेत्रु नाळै’ या तमिळ चित्रपटातल्या तरुणांच्या हाती कालयंत्र लागते, तेव्हा लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देण्याचा धंदा ते सुरू करतात. हे सारे प्रेक्षकांना सहज पटले. कारण तिथे नियम सोपा असतो : यंत्रात बसावे, दुसऱ्या काळात उतरावे आणि तिथे नेहमीसारखे चालावे-बोलावे.

‘टेनेट’मध्ये अशी उडी नाही. तिथे काळातून मागे जायचे, तर उलट्या दिशेने एकेक क्षण जगत जावे लागते. कालचा दिवस गाठायचा तर पूर्ण एक दिवस खर्ची घालावा लागतो. या कल्पनेच्या मुळाशी भौतिकशास्त्रातली ‘एंट्रॉपी’ ही संज्ञा आहे. पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो पसरत जातो. पसरलेली शाई आपणहून गोळा होऊन पुन्हा थेंब झालेली कोणी पाहिलेली नाही. सांडलेले दूध पातेल्यात परत चढत नाही. वस्तूंचे हे विस्कटत जाणे एकाच दिशेने चालते आणि त्यावरूनच काळ पुढे चालला आहे हे ओळखता येते. चित्रपटाने धरलेले गृहीत असे की, भविष्यातल्या लोकांनी ही दिशा उलटवण्याची युक्ती शोधली आहे. म्हणून भिंतीत रुतलेली गोळी पिस्तुलात परत येते. उलट्या काळातून जाणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांना भोवतालची हवा चालत नाही, त्याला मुखवट्यातून श्वास घ्यावा लागतो. आगीत सापडला तर तो भाजत नाही, गारठतो. हे विज्ञान नव्हे, विज्ञानाचा धागा धरून केलेली कल्पना आहे. पण एकदा नियम ठरल्यावर ती तो सहसा सोडत नाही.

आता ‘डोक्यावरून गेला’ या अभिप्रायाकडे परत यावे. तो एकच वाटला, तरी त्याच्या पोटात किमान तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्या वेगळ्या केल्याखेरीज चित्रपटाला न्याय मिळत नाही, प्रेक्षकालाही मिळत नाही.

पहिली तक्रार कानाची आहे. अनेक प्रेक्षकांना संवाद ऐकूच आले नाहीत. ही इंग्रजी कच्चे असणाऱ्यांची सबब नव्हे. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, त्या ब्रिटन-अमेरिकेतल्या प्रेक्षकांनीही हेच गाऱ्हाणे मांडले. मुखवट्याआडून आलेले बोलणे, त्यावर चढलेले पार्श्वसंगीत आणि यंत्रांचा घणघणाट यांत शब्द बुडून गेले. नोलन यांच्या आधीच्या चित्रपटांबद्दलही अशी कुरकुर झाली होती. चित्रीकरणाच्या वेळी नटाने जे म्हटले तेच ठेवावे, ध्वनिमुद्रणगृहात संवाद पुन्हा म्हणवून घेऊ नयेत, असा त्यांचा आग्रह आहे. तो कलावंताचा आग्रह म्हणून समजण्यासारखा आहे. पण त्याची किंमत तिकीट काढून बसलेल्याने किती मोजायची, हा प्रश्न उरतोच.

इथे एक गंमत घडली. ज्यांनी ‘टेनेट’ हिंदीतून पाहिला, त्यांच्यासाठी संवाद दुसऱ्या कलाकारांनी ध्वनिगृहात नव्याने म्हटलेले होते. त्यामुळे इंग्रजी पाहणाऱ्या पदवीधराचा ‘समजला नाही’ आणि हिंदी पाहणाऱ्या कामगाराचा ‘समजला नाही’ हे दोन वेगळे अभिप्राय ठरतात. एकाला शब्दच पुरते मिळाले नाहीत. दुसऱ्याला शब्द मिळाले, त्यांचा मेळ लागला नाही. पुढे हा चित्रपट घरच्या पडद्यावर आला, तेव्हा अनेकांनी तो खाली उमटणारी अक्षरे वाचत पाहिला आणि बराचसा उलगडला असे सांगितले. म्हणजे ज्याला भरभर वाचता येते त्याच्यापर्यंत तो अधिक पोहोचला. ज्या कलेचा मोठेपणा निरक्षरालाही सामावून घेण्यात आहे, तिच्या बाबतीत ही गोष्ट खटकणारी आहे.

दुसरी तक्रार घटनांच्या क्रमाची. या बाबतीत मात्र प्रेक्षकांनी चित्रपटावर थोडा अन्याय केला. एस्टोनियातल्या तालिन शहरी मोटारींचा पाठलाग रंगतो. रस्त्यावर उलटी पडलेली एक मोटार आपोआप सरळ होते, कोलांट्या खात उठते आणि मागे मागे धावू लागते. ती कोण चालवीत आहे, हे त्या वेळी कळत नाही. काही वेळाने तोच पाठलाग दुसऱ्या बाजूने दिसतो, आणि त्या मोटारीत खुद्द नायकच आहे हे उमगते. ओस्लोच्या विमानतळावर नायकाशी झुंजणारा मुखवटाधारीही पुढे तोच निघतो. दिग्दर्शकाने इथे शब्दांवर फारसा भार टाकलेला नाही, डोळ्यांवर टाकला आहे. काळ उलटवणाऱ्या यंत्राच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांत तांबडा आणि निळा उजेड आहे. शेवटच्या लढाईतही सरळ काळातून जाणाऱ्या तुकडीची खूण तांबडी आणि उलट्या काळातून येणाऱ्या तुकडीची निळी आहे. तांबडा म्हणजे पुढे, निळा म्हणजे मागे, एवढे ज्याने टिपले, त्याला इंग्रजीचे एक अक्षर न येताही अर्धा चित्रपट हाती लागतो. रंग पाहून सूत ओळखणारा विणकर किंवा सिग्नलचा दिवा पाहून गाडी हाकणारा चालक या कामात एखाद्या पुस्तकी पंडिताला मागे टाकील. अशा माणसानेही ‘आपल्याला काय कळणार’ म्हणून डोळे मिटून घ्यावेत, हे नुकसानीचे आहे.

तिसरी तक्रार ‘हे सगळे कशासाठी?’ अशी आहे, आणि ती सर्वांत वजनदार आहे. भविष्यातली माणसे भूतकाळावर हल्ला का करतात? त्याचे उत्तर चित्रपटात आहे. पूर्वजांनी पृथ्वीची नासाडी केली, समुद्र चढले, नद्या आटल्या, म्हणून नातवंडे आजोबांवर उलटली आहेत. केवढी मोठी गोष्ट ही! आजच्या कोणत्याही गावात, कोणत्याही कोरड्या विहिरीच्या काठावर ती माणसाला विचारात पाडील. परंतु तिच्या वाट्याला चित्रपटात मोजकीच वाक्ये आली आहेत, तीही बंदुका कडाडत असताना. मोटारीच्या कोलांट्यांना जेवढा अवकाश मिळाला, त्याचा दशांशही या कारणाला मिळालेला नाही. बहुतेक प्रेक्षकांच्या स्मरणात विमानाची धडक राहिली आणि आटलेल्या नद्या राहिल्या नाहीत, हा दोष प्रेक्षकांचा नव्हे.

या चित्रपटाचे चाहते अशा वेळी हमखास एक उत्तर देतात : ‘दुसऱ्यांदा पाहा, मग कळेल.’ त्यात तथ्य नाही असे नाही. मोटारीचा पाठलाग दुसऱ्यांदा पाहताना वेगळा आनंद मिळतो. कित्येकांनी कागदावर बाण आणि रेषा काढून घटनाक्रम मांडला, त्या कोड्यात ते रमले. पण आठवड्याला एक सुटी मिळणाऱ्या, तिकिटाच्या पैशांत घरचा दोन दिवसांचा भाजीपाला येतो हे जाणणाऱ्या माणसाला ‘पुन्हा या’ असे सांगणे सोपे नाही. पुन्हा पाहिल्यावर अधिक उलगडणारी कलाकृती श्रेष्ठ असू शकते. पहिल्या वेळी आलेल्याला रित्या हाताने परत पाठवण्याची मुभा मात्र तेवढ्याने तिला मिळत नाही.

कीर्तनाला बसणाऱ्या जुन्या श्रोत्याला हा भेद ठाऊक होता. पूर्वरंगातले निरूपण सगळेच त्याच्या पचनी पडत असे असे नव्हे. द्वैत-अद्वैताची चर्चा चालू असताना तो कधी पेंगतही असे. तरी तो उठून जात नसे, कारण उत्तररंगात आख्यान येणार असे. हरिश्चंद्राची तारामती येणार, तिच्या दुःखाने त्याचे डोळे भरणार. आणि ते भरले की मघाचे निरूपणही मागाहून थोडेसे उमजे. ‘टेनेट’मध्ये पूर्वरंग भरघोस आहे, आख्यान तोकडे पडले आहे. खलनायकाची पत्नी कॅट मुलापायी त्याच्या तावडीत अडकली आहे, असे प्रेक्षकाला वारंवार सांगितले जाते. पण त्या मायलेकांचा सहवास पडद्यावर जेमतेमच दिसतो. मग तिची तळमळ ऐकीवच राहते. तरी तिच्याच वाट्याला चित्रपटातला एक हृद्य क्षण आला आहे. पूर्वी एकदा नवऱ्याच्या नौकेवरून पाण्यात सूर मारणारी एक स्त्री तिने दुरून पाहिलेली असते आणि तिच्या मोकळेपणाचा तिला हेवा वाटलेला असतो. ती स्त्री म्हणजे पुढच्या काळातून परतलेली ती स्वतःच होती, हे शेवटी कळते. या एका प्रसंगापुरते काळाचे उलटे चक्र कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

मुंबईच्या प्रेक्षकांची गोष्ट थोडी वेगळी. २०१९ च्या सप्टेंबरात या चित्रपटाचे काही दिवसांचे चित्रीकरण मुंबईत झाले होते. दोरीच्या साहाय्याने उंच इमारतीवर झेपावणारे नायक पाहताना तिथल्या प्रेक्षकांनी आधी ओळखीचे रस्ते शोधले, यात नवल नाही. डिंपल कपाडिया यांची प्रिया तर अनेकांना सुखद धक्का देऊन गेली. शस्त्रांचा व्यापारी म्हणून ज्याच्याकडे नायक येतो, तो पुरुष नावापुरता; खरा कारभार त्याच्या बायकोच्या हाती. हे मात्र सर्वांना पहिल्याच खेपेस समजले!

या चित्रपटाला उत्कृष्ट दृश्य-परिणामांसाठी २०२१ च्या सोहळ्यात ऑस्कर मिळाले. ते रास्तच झाले. पण पुरस्काराने प्रेक्षकांचा प्रश्न मिटत नाही, आणि चित्रपटगृहाबाहेर तो रात्री उशिरापर्यंत चालू राहतो. शेवटच्या बसची वाट पाहणारा एखादा प्रेक्षक ‘डोक्यावरून गेला’ एवढेच म्हणून थांबत नाही. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला तो विचारतो, ‘ती उलटी पडलेली मोटार उठली, तेव्हा आत कोण होते हो?’ दुसरा सांगू लागतो, मध्येच अडखळतो, ‘थांबा, आधी निळ्या खोलीतून तो बाहेर आला...’ असे म्हणत पहिल्यापासून सुरुवात करतो. तिसरा त्याची चूक दुरुस्त करायला पुढे सरसावतो. तेवढ्यात बस येते आणि तिघेही बोलत बोलतच आत चढतात.