बाळंतिणीचा ताईत

बाळाच्या पांचवीस आमच्या घरोघर सटवाईची पूजा होते. पाट्याजवळ कोरा कागद व लेखणी ठेवावयाची, आणि रात्रीं सटवाई येऊन मुलाचें नशीब लिहून जाते असें मानावयाचें. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या कोणास अक्षर ठाऊक नव्हतें, त्या घरांतही ही लेखणी चुकली नाहीं. अक्षर दुसऱ्याचें, नशीब मात्र आमचें! याच भीतीवर ताईत, गंडेदोरे व अष्टगंधानें लिहिलेलीं भूर्जपत्रें यांचा धंदा चालत आला आहे.

हा अडाणीपणा आमच्याच कपाळीं आहे, साहेबलोक असलें कांहीं करीत नसत, असें ज्यांस वाटतें त्यांनीं पुढील हकीकत वाचावी. लंडनच्या वेल्कम संग्रहांत मेंढीच्या कातड्याची एक गुंडाळी आहे. ती सुमारें ५०० वर्षांपूर्वींची. लांबी सव्वातीन मीटरांहून थोडी अधिक, रुंदी अवघी १० सेंटिमीटर. तिजवर ख्रिस्ताच्या जखमांचीं व खिळ्यांचीं चित्रें आणि संतांच्या प्रार्थना आहेत. ही पट्टी बाळंतिणीनें अंगाभोंवतीं गुंडाळली असतां ती सुखरूप सुटते, अशी समजूत. हात फिरवून फिरवून चित्रें पुसट झालीं आहेत. २०२१ सालीं केंब्रिजच्या सारा फिडिमेंट व त्यांचे सोबती यांनीं, शाळेंतील मुलें पेन्सिलीचें लिहिणें पुसतात तशा रबरानें ती हलकेच घासून चुरा तपासला. त्यांत मध, दूध, अंडें, धान्य, कडधान्य यांचे अंश सांपडले, आणि बाळंतपणांत बाईच्या अंगावरून जाणाऱ्या स्रावाचेही. म्हणजे ती पट्टी पेटींत पुजलेली नव्हती. वेणा देणाऱ्या बायांच्या अंगावर होती.

त्या बाया मूर्ख होत्या काय? मला तसें म्हणवत नाहीं. मरण उंबऱ्याशीं बसलेलें, औषध कोठेंच नाहीं. हाताशीं होतें तें त्यांनीं कमरेस बांधिलें. पुढें १५३० नंतरच्या दशकांत आठव्या हेन्रीच्या अमदानींत मठ मोडले व असले कंबरपट्टे वापरण्यास धर्माधिकाऱ्यांनीं मनाई केली. पण मनाईनें बाळंतिणी जगल्या नाहींत. इंग्लंडांत बाळंतपणांतलीं मरणें झपाट्यानें उतरलीं तीं १९३५ च्या सुमारास सल्फा औषधें आल्यावर, आणि मग रक्त देण्याची सोय व पेनिसिलिन आल्यावर. मध्यें चारशें वर्षें गेलीं.

आमच्याकडे या भीतीचे पैसे कोण करतो, तें जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालींच 'तृतीय रत्न' नाटकांत दाखविलें. गरोदर कुणबिणीस जोशी ग्रहांचा धाक घालतो, पोटांतल्या जिवास धोका सांगतो आणि जेवणावळीचा खर्च तिच्या नवऱ्याच्या गळ्यांत घालतो. आज त्या जोशाची जागा कोणत्याही धर्माचा, कोणत्याही जातीचा बुवा घेतो. आमच्या जातींतले बुवाही मागें नाहींत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें साप-विंचू-कुत्रा चावल्यास दवाखान्यांत जाऊं न देतां मंत्र-गंडे करणें आणि गर्भाचें लिंग बदलून देतों म्हणणें हे गुन्हे ठरविले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. देवाची प्रार्थना करण्यास त्यांत मनाई नाहीं, हें मात्र बुवालोक सांगत नाहींत.

पण कायदा झाला म्हणजे काम झालें, असें आमच्या शहरी सुधारकांस वाटतें, तेथें माझा त्यांच्याशीं वाद आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवलीस गगनास भिडणाऱ्या इमारती झाल्या; आणि त्याच जिल्ह्यांत शहापूर-मुरबाडच्या डोंगरांतील पाड्यांवरून बाळंतिणीस झोळींत घालून रस्त्यापर्यंत न्यावें लागल्याच्या बातम्या अलीकडेही येतात. १०८ ची गाडी २०१४ पासून आहे. वाट नाहीं तेथें ती काय करील? घरापासून दवाखाना हांकेवर असतां त्या बाईच्या दंडावरील ताईतास हंसणें फार सोपें.

मी शाळामास्तर असल्यामुळें मजकडेही कोणी कोणी तान्ह्याच्या दंडाला बांधावयास दोन ओळी लिहून मागतात. मी आरोग्य केंद्राचा पत्ता व लशींच्या तारखा लिहून देतों, आणि बांधावयाचेंच तर हें बांधा म्हणून सांगतों.

बंधुभगिनींनो, येत्या ग्रामसभेंत दोन प्रश्न विचारा. भर पावसाळ्यांत गाडी आपल्या पाड्याच्या किती जवळ येते? उपकेंद्रांत रात्रीं परिचारिका असते कीं नाहीं? जें उत्तर मिळेल तें इतिवृत्तांत लिहवून घ्या, आणि लिहिलेलें तेथेंच वाचून दाखवावयास सांगा.